बारावं स्थळ आणि चंद्रपूरचा किल्ला

चंद्रपूरचा किल्ला मी पाहिला तो मुलगी पाहायला गेलो म्हणून. एरवी आमच्या केळापूरकडच्या माणसाला चंद्रपूर माहीत असतं ते दोन गोष्टींसाठी, ऊन आणि कोळसा. गोंड राजांचा परकोट, वेशी, समाध्या हे सगळं शाळेत कधीतरी वाचलेलं असतं आणि पुढच्या इयत्तेत गेल्यावर विसरलेलं असतं. मीही विसरलो होतो. पण एक दिवस मामा घरी आला आणि म्हणाला की या वेळी मुलीकडचे लोक घरी बोलवत नाहीत, किल्ला पाहायला बोलावतात. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

“किल्ला कायले?” मी म्हणालो. “मले काय लढाई कराची हाय?”

“अरे, आयकून त घे,” मामा म्हणाला. “शेजारपाजाऱ्यायले कळू द्याचं नाही म्हनते. सहज फिरायले आलो, सहज भेट झाली, असं दाखवाचं.”

शेजाऱ्यांना काय कळू द्यायचं नव्हतं, ते मामाने सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. यवतमाळ जिल्ह्यातला, शेती करणारा आणि तीही कापसाची, अशा मुलाकडे मुलगी द्यायचा नुसता विचार करतो आहोत, हेच लपवायचं होतं. त्या वर्षांमध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात रोज यायचं आणि कशासाठी यायचं ते सगळ्या महाराष्ट्राला पाठ झालं होतं. आमच्या घरात तसं काही नव्हतं. विहिरीला पाणी होतं, तूर बरी व्हायची, कापूस कधी हसवायचा कधी रडवायचा, आणि दोन्ही वेळा आम्ही जेवत होतो. पण हे मुलीच्या बापाला कोण सांगणार?

त्यातच एक भानगड झाली होती. पांढरकवड्याला मी बियाणं आणायला गेलो होतो. दुकानाबाहेर लिंबाखाली बसून केळं खात होतो, तेव्हा बाहेरगावचा एक फोटोवाला आला आणि फार गोड बोलला. केळं बाजूला ठेवायला सांगितलं. मग म्हणाला, जरा खाली बघा, हात कपाळाला लावा, ऊन लागतंय ना? मला खरंच ऊन लागत होतं. आठ दिवसांनी तो फोटो एका पेपरात मोठा छापून आला, खाली कापूस उत्पादकांच्या हालाखीवर लेख, आणि वर मी, कपाळाला हात लावून. त्या एका फोटोने माझी ठरत आलेली दोन स्थळं मोडली. केळं फोटोत असतं तर निदान एक तरी वाचलं असतं, असं मला अजून वाटतं.

तर चंद्रपूरचं हे बारावं स्थळ, मुलीचे वडील कोळशाच्या खाणीत नोकरीला. मी एकोणतीस वर्षांचा होतो. आधीच्या अकरांपैकी कोणी म्हणालं उंची कमी आहे, कोणी म्हणालं मुलीला अजून शिकायचं आहे, आणि ती शिकणारी मुलगी महिनाभरात एका ग्रामसेवकाच्या घरी नांदायला गेली. खरं कारण तोंडावर एकानेही सांगितलं नाही. मला लग्न करायचं होतं. हे पुरुषाने मोकळेपणी म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, पण करायचं होतं. संध्याकाळी घरी आल्यावर आई-बापाखेरीज आणखी कोणीतरी दाराकडे पाहत असावं, एवढंच. आणि दर नकारागणिक माझा राग वाढत चालला होता. मुलींच्या बापांवरचा राग. नोकरी नोकरी करणारी ही माणसं, यांना माणूस दिसत नाही, असं मी कोणालाही ऐकवायचो.

निघण्याआधी मामाने नियम सांगितले. शेतीचा विषय आपण होऊन काढायचा नाही, विचारलं तरच बोलायचं. कापूस हा शब्द तर चहापाणी होईपर्यंत नकोच. पुढचा नियम आईसाठी होता, ओटीची घाई करायची नाही. आईच्या पिशवीत एक हिरवा खण होता. अकरा वेळा तो आमच्याबरोबर गेला होता आणि अकरा वेळा घडी न मोडता परत आला होता. नारळ तेवढा दर वेळी नवा घ्यायचा आणि परत आलो की त्याची चटणी व्हायची. बाबा म्हणाले, मी येत नाही, मले नारळाची चटणी पुरे झाली.

होळीला आठ-दहा दिवस होते. पहाटेच्या एसटीने वणीवरून चंद्रपूरला पोचलो, तेव्हा नऊ वाजायचे होते आणि ऊन अकराचं पडलं होतं. भेट ठरली होती जटपुरा गेटला. हे गेट म्हणजे परकोटाची जुनी वेस, दगडी, उंच, आणि सगळं चंद्रपूर त्या एका कमानीतून आत-बाहेर करत असतं. सायकली, रिक्षा, भाजीच्या गाड्या, आणि मधोमध एक बैल, ज्याला कुठेच जायचं नव्हतं. आम्ही कमानीतून आत गेलो आणि आतल्या बाजूला भिंतीच्या सावलीत उभे राहिलो.

तिथे एक कुटुंब आधीच उभं होतं. इस्त्रीच्या शर्टातले वडील, डब्याची पिशवी धरलेली आई, आणि पिवळ्या ड्रेसमधली मुलगी. तिघंही येणाऱ्या माणसांचे चेहरे पाहत होती. मामाकडे मुलीचा फोटो होता, पण तो स्टुडिओतला, मागे रंगवलेला धबधबा, तोंडाला इतकी पावडर की जिल्ह्यातली कोणतीही मुलगी त्यात बसली असती. मामाने फोटो पाहिला, मुलगी पाहिली, फोटो खिशात घातला आणि पुढे झाला.

“वाट पाहून राह्यले का जी?”

“हो हो, तुमचीच,” वडील म्हणाले. “या. आम्हाले वाटलं दहा वाजतीन. गाडी लवकर भेटली वाटते.”

नाव कोणी विचारलं नाही. अशा भेटीत विचारत नसतातच. मध्यस्थाने सगळं दोन्हीकडे सांगितलेलं असतं. आपण नाव विचारलं, तर तुम्हाला एवढंही सांगितलं नाही का, असं समोरचा मनात म्हणणार. मोबाइल तेव्हा आमच्या गावात दोघांकडे होता आणि त्या दोघांत मामा नव्हता. शिवाय सहज फिरायला आल्याचं दाखवायचं होतं. सहज फिरायला आलेली सहा माणसं दोन ऑटोंत बसली आणि निघाली.

मुलगी एका खाजगी शाळेत चौथीला शिकवत होती आणि दर वर्षी पोरांना घेऊन हीच फेरी करत होती. त्यामुळे तिने आम्हालाही चौथीतलंच धरलं. ऑटोतून उतरल्या उतरल्या, सावलीत या, आवाज येतो का सगळ्यांना, असं म्हणाली. आई लगेच हो बाई म्हणाली.

परकोटाची गोष्ट तिने फार छान सांगितली. राजा शिकारीला गेला होता, तेव्हा कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागला. कुत्रा पुढे, ससा मागे, राजा घोड्यावर दोघांच्या मागे. जिथून जिथून तो ससा धावला, तिथून तिथून राणीने तट बांधायला सांगितला. माझ्या तोंडावर आलं होतं, आमच्याकडे अळी फवाऱ्याच्या मागे लागते. पण मामाचा नियम आठवला आणि मी फक्त, हं, वा, असं म्हणालो. तिने माझ्याकडे जरा निराशेने पाहिलं.

“तुम्ही म्हणे इतिहासाचे शौकीन,” ती म्हणाली.

हे माझ्याबद्दल कोणी सांगितलं असेल ते मला कळेना. मामाने थाप मारली असणार, असं मी धरून चाललो. मामा बऱ्यापैकी थापाड्या होता.

खरं सांगतो, सकाळ फार मजेत गेली. अचलेश्वराच्या देवळाच्या भिंतीवरचं कोरीव काम पाहताना तिच्या वडिलांनी संत्रं सोललं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. अकरा स्थळांत मला कोणी संत्रं सोलून दिलं नव्हतं. चहा मिळायचा तोही अर्धा कप, लवकर उठावं म्हणून. इथे तिची आई मला, ऊन लागते बाप्पा, टोपी घाला, म्हणत होती. वडील माझं बोलणं संपेपर्यंत थांबत होते. मी झाडाबद्दल बोललो तरी मान हलवत होते. माझी पाठ आपोआप सरळ झाली.

देवळाला लागूनच गोंड राजांच्या समाध्या आहेत. मोठमोठ्या, घुमटांच्या, आत थंडगार. त्यातली सगळ्यात मोठी एका राणीने आपल्या नवऱ्यासाठी बांधली, असं मुलीने सांगितलं. तिची आई लगेच म्हणाली, “नवऱ्यानं बायकोसाठी बांधलं त सारी दुनिया पाहाले जाते. बायकोनं नवऱ्यासाठी बांधलं ते इथं, आन् आपण सहा जणच हावो.” आम्ही सगळे हसलो. मीही मनापासून हसलो.

मग बायका पुढे गेल्या, मामा बिडी ओढायला बाहेर गेला, आणि वडील माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “बरं वाटलं तुम्हाले भेटून. एक सांगू का, आमच्या घराण्यात बँकेतला जावई पहिलाच होईल.”

मी तोंड उघडलं. क्षणात सगळं लख्ख कळलं. इतिहासाचा शौकीन दुसरा कोणी. दहा वाजता येणारा दुसरा कोणी. बँकेतला दुसरा कोणी. आमची माणसं आणखी कुठेतरी उभी होती आणि आम्ही परक्यांची संत्री खात होतो. मी तोंड उघडलं होतं ते सांगायलाच. पण ते म्हातारे गृहस्थ इतक्या समाधानाने माझ्याकडे पाहत होते की मी ते परत मिटलं. सांगू, पुढच्या ठिकाणी सांगू, असं स्वतःला म्हणालो. यात त्यांचा विचार किती होता आणि माझा किती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मला अजून थोडा वेळ तसंच वागवून घ्यायचं होतं. माणूस म्हणून कसं वागवतात ते पाहायचं होतं.

पुढचं ठिकाण महाकालीचं मंदिर. तिथे मी सांगायचं ठरवत रांगेत उभा राहिलो. दर्शन झालं. बाहेर येताना पायऱ्यांवर आईचा पाय जरा लटपटला, तर त्या मुलीने पटकन तिचा दंड धरला आणि शेवटच्या पायरीपर्यंत सोडला नाही. बस, एवढं झालं. खाली येते न येते तोच आईने पिशवीत हात घातला, हिरवा खण काढला, नारळ काढला, कागदाच्या पुडीतले गहू काढले, आणि महाकालीच्या दारात त्या मुलीची ओटी भरली. मामा अहो अहो करत होता, पण मामाचंही तोंड हसरं होतं. मुलीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी वाकून माझ्या आईच्या पाया पडली आणि उठताना तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. आईचा चेहरा मी कित्येक वर्षांत असा पाहिला नव्हता. मी तिथे सांगायला हवं होतं. मी चपला शोधत बसलो.

शेवटचं ठिकाण गावाबाहेर, बाबुपेठेकडे. तिथे उघड्यावर प्रचंड दगडी मूर्ती आडव्या पडल्या आहेत. एक दहा तोंडांची, तिला कोणी देवी म्हणतात कोणी रावण. गणपती आहे, कासव आहे, दोन माणसांच्या कवेत न मावणारी पिंड आहे. जुन्या काळी कोणा सावकाराला भलंमोठं देऊळ बांधायचं होतं म्हणे. त्याने आधी मूर्ती घडवून घेतल्या, देऊळ मागून बांधू म्हणाला, आणि मेला. देऊळ झालंच नाही.

“उलटं काम केलं,” मामा म्हणाला. “आधी देऊळ पाह्यजे होतं.”

मुलीची आई कडुनिंबाखाली डबे उघडायला लागली होती. मुलीच्या हातात ओटीचा नारळ होता. वडील मला बसायला दगड झाडून देत होते. त्या दगडावर मला बसवेना.

“काका,” मी म्हणालो, “मी बँकेत नाही. तुम्ही ज्यायची वाट पाहून राह्यलते, ते आम्ही नोहोय. आम्ही केळापूरकडचे हावो. मी शेती करतो. कापसाची.”

कडुनिंबाखाली डब्याचं झाकण वाजलं. वडील दगड झाडता झाडता थांबले.

“यवतमाळ?” एवढंच ते म्हणाले.

मग जे सुरू झालं ते सुरू झालं. मामा म्हणाला, आम्ही कवा म्हटलं बँक? वडील म्हणाले, कवा म्हटलं शेती? मामा म्हणाला, म्हणजे तुम्ही खाणीतले नाही? वडील म्हणाले, मी पोस्टात हाय, तीस वर्षं पोस्टात हाय! आई कोणाकडेच न पाहता खाली बसली. मुलीची आई म्हणाली, ओटी भरली ना बाई, महाकालीच्या दारात भरली, आता भरलेली ओटी वापस कशी कराची? ओटी परत करायची रीतच नाही. वडील तरातरा कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे निघाले, त्या बँकवाल्यांची विचारपूस करायला. मामा त्यांच्यामागे समजूत काढत गेला.

मुलगी नारळ हातात धरून माझ्यासमोर उभी होती. चौथीच्या पोराने खोटं बोलल्यावर बाई उभी राहते तशी.

“तुम्हाला कधी कळलं?”

“समाधीपाशी.”

“म्हणजे ओटीच्या आधी.”

“हो.”

मला वाटलं ती आता ओरडेल. ती ओरडली असती तर माझ्याजवळ बोलायला पुष्कळ होतं. अकरा स्थळांचं साठलेलं सगळं होतं. मी सुरुवातही केली. म्हणालो, आधी सांगितलं असतं तर तुमच्या वडिलांनी मला संत्रं दिलं असतं का? आत्तापर्यंत मी चांगला होतो ना? मग शेतकरी म्हटल्याबरोबर काय बदललं? नाक, डोळे? माझा आवाज चढला होता. आई म्हणाली, बाबू, हळू. मी हळू झालो नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुम्हाला बहीण आहे?”

“आहे. धाकटी.”

“लग्न झालं?”

“मागच्या वर्षी.”

“कुठे दिली?”

“नागपूरला.”

“शेतकऱ्याला?”

“नाही. बिजली ऑफिसात आहे.”

“शेतकऱ्याचं स्थळ आलंच नसेल.”

मी आईकडे पाहिलं. आई गव्हाची रिकामी पुडी चौकोनी घडी घालत बसली होती. वर पाहायला तयार नव्हती.

“आली होती,” मी म्हणालो. “तीन.”

“मग?”

“नाही म्हटलं.”

“कोणी? वडिलांनी?”

तिथे खोटं बोलता आलं असतं. बाबा घरी होते. पण त्या दिवसाचं माझं खोटं संपलं होतं.

“मी,” मी म्हणालो. “बाबा तयार होते. मीच म्हटलं, कापसात देऊ नका तिला.”

तिने जिंकल्यासारखं तोंड केलं नाही. “मग माझ्या बाबांवर रागावू नका,” म्हणाली आणि माझ्या आईशेजारी जाऊन बसली. तिने आईला सांगितलं की ओटी कोणीही बाई कोणत्याही मुलीची भरू शकते, त्यात लग्नच पाहिजे असं काही नाही, खण फार सुंदर आहे, आणि ती तो शिवून घालणार आहे. आईने तिच्या गालावरून हात फिरवला. मग आई रडली, थोडीशीच.

वडील परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने. बँकवाल्यांनी सकाळीच त्यांच्या शेजाऱ्याकडे फोन केला होता. ते येणारच नव्हते. दुसरीकडे जमलं होतं. गृहस्थ निंबाखाली येऊन मघाच्याच त्या दगडावर बसले आणि मला म्हणाले, “बसा. भाकर खाऊन घ्या. उपाशी कायले जाता?” आम्ही सहाही जण जेवलो. वांग्याची भाजी होती, मिरचीचा ठेचा होता, आणि जेवण चांगलं झालं. ठेच्याने मामाला ठसका लागला, तेव्हा वडिलांनीच त्याच्या पाठीवर थापटलं.

आमची खरी माणसं जटपुरा गेटच्या बाहेरच्या बाजूला अकरापर्यंत उभी होती, हे मागाहून मध्यस्थाकडून कळलं. भिंतीच्या अल्याडपल्याड. यवतमाळच्या लोकांना वेळेची किंमत नाही, असा निरोप आला. म्हणजे बारावा नकार मला मुलगी न पाहताच मिळाला. बाबा म्हणाले, या खेपी त चटणी पण नाही.

ही गोष्ट ऐकली की लोक विचारतात, मग त्या मुलीचं काय झालं? मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. तेवढी लाज मला आहे. माझं लग्न पुढे दोन वर्षांनी झालं, आर्णीकडे, आणि ते कसं झालं हा वेगळा विषय आहे. पण चंद्रपूरहून परतताना एसटीत माझ्या डोक्यात लग्न नव्हतं. बहिणीला आलेल्या त्या तीन स्थळांपैकी एक होतं. ते माझ्या मित्राचं होतं.

शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्याचं वावर आमच्या वावराला लागून, मधे फक्त नाला. माझ्या बहिणीसाठी त्याच्या आईने फार संकोचाने विचारलं होतं, आणि मी मामाकरवी निरोप पाठवला होता की पत्रिका जुळत नाही. त्यानंतर वर्षभर मी नाल्याकडून वावरात गेलो नव्हतो. लांबच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून जायचो. तो दिसला तर हात करायचो, पण थांबायचो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाला ओलांडून गेलो. कापसाची वेचणी संपली होती आणि तो एकटाच लोखंडी चिमट्याने पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटत होता. मला पाहून त्याने चिमटा खाली ठेवला.

“किल्ला पाहून आला म्हने?” तो म्हणाला. गावात काही लपत नाही.

“हो. आयक, मले एक सांगाचं हाय. मागच्या वर्षी थे पत्रिकेचं... तसं काही नोहोतं. मीच नाही म्हटलं होतं.”

“मालूम हाय.”

“कोनं सांगतलं?”

“सांगाले कोन पाह्यजे? माही पत्रिकाच नाही. माह्या बापानं कधी बनवलीच नाही.”

वर्षभर ज्या निरोपाआड मी लपलो होतो, तो पहिल्या दिवसापासून उघडा होता आणि हा माणूस मला रोज धुऱ्यावरून हात करत होता.

“मंग बोलला काहून नाही?” मी विचारलं.

त्याने चिमटा उचलला, पुढच्या पऱ्हाटीला लावला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, “काय बोलू? मी तरी माही बहीन तुले कुठं देल्ली असती?”